छंद आहे, सेवा नाही. चालेल ना?

खाडीकाठची
आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) एक अलिखित नियम आहे. तुम्हाला एखादी गोष्ट बरी जमते हे कुणाच्या लक्षात आलं, की ती गोष्ट तुमची राहत नाही.

थोडी ओळख. घणसोलीत राहते, ऐरोलीत नोकरी करते, तिशी अजून लांब आहे. ख्रिस्ती, प्रोटेस्टंट, मूळ गाव नगर जिल्ह्यात. (हो, घरी मराठीच बोलतो. हो, नाताळात करंज्या-चकल्या-शंकरपाळी सगळं होतं. हो, 'पण तुमचं आडनाव तर आपल्यातलं वाटतं' हेही ऐकून झालंय. पुढे जाऊ या.)

लहानपणी गळा बरा होता म्हणून गायनवृंदात गेले. आता भांडी घासताना काही गुणगुणले तरी आई आतून विचारते, "रविवारचं गाणं बसतंय का?" चित्रं काढायचे, म्हणून शब्बाथशाळेचे (रविवारच्या मुलांच्या वर्गाचे) सगळे तक्ते माझ्याकडे. नोहाचं तारू इतक्या वेळा काढलंय की जिराफ कुठल्या खिडकीतून मान काढणार हे माझ्याआधी पोरंच सांगतात. मग क्रोशे शिकले. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं की एक-दोन ओळी व्हायच्या, डोकं शांत व्हायचं. एका काकूंनी ते पाहिलं. त्यानंतर महिला संघासाठी रुमाल, कापणीच्या सणाच्या लिलावासाठी टेबलक्लॉथ, पाळकसाहेबांच्या नव्या नातवासाठी टोपडं. सगळं आनंदाने केलं, खोटं नाही बोलत. पण आता सुई हातात घेतली की आधी आठवतं ते कुणाचं द्यायचं राहिलंय.

गेल्या हिवाळ्यात पक्षी बघायला लागले. ऐरोलीच्या खाडीवर रोहित येतात, फ्लेमिंगो, ते बघायला ऑफिसातली एक मैत्रीण घेऊन गेली आणि मी अडकले. चोच उलटी पाण्यात घालून, मुंडी हलवत, हजारो पक्षी एकाच वेळी जेवत असतात आणि तोंडाने सतत कलकलाट. लग्नाच्या पंगतीत असतो तसा. जुनी दुर्बीण घेतली. वही केली. आणि मंडळीत कुणालाही सांगितलं नाही.

का, ते सांगते. सांगितलं तर पुढे काय होईल ते मला तोंडपाठ आहे. पहिल्याच रविवारी कुणीतरी बायबलातलं मत्तय ६ उघडेल, 'आकाशातल्या पाखरांकडे पाहा'. दुसऱ्या रविवारी तरुण संघात पाच मिनिटं बोल म्हणतील. मग तरुण संघाची सहल खाडीवर, सोबत बोधपर संदेश. रोहित मुळात पांढुरके-करडे असतात, शेवाळ आणि बारीक जीव खाऊन गुलाबी होतात. तसंच आपण जे वाचन करतो, ज्या संगतीत राहतो, तोच रंग आपल्याला... बघा, सगळा संदेश तयार आहे माझ्या डोक्यात. वाईटही नाही. हीच तर अडचण आहे.

मला तो द्यायचा नाही. मला फक्त पक्षी बघायचे आहेत.

तर प्रश्न. श्रद्धा असलेल्या माणसाने एखादी गोष्ट निव्वळ मजेची, कुणाच्याही उपयोगाची नसलेली अशी ठेवावी का? की हा आपमतलबीपणा झाला? आणि दुसरा, व्यवहारातला प्रश्न : आमची भक्ती (चर्चमधली उपासना) रविवारी साडेनऊला असते, आणि भरती कधी कधी नेमकी तेव्हाच. तेव्हा काय करता लोकहो?

तलावपाळी_काका
पहिला प्रतिसाद माझा.
मुली, हे फक्त तुमच्याकडे नाही गं. माझं अक्षर चांगलं आहे हे सोसायटीला कळलं तेव्हापासून आजतागायत गणपतीचा फलक, पाण्याची सूचना, लिफ्ट बंदची सूचना, सगळं मी लिहितोय. पूर्वी सुलेखन करायचो, बोरू-शाई आणून. आता पेन धरलं की 'रहिवाशांना कळविण्यात येते की' एवढंच सुचतं. तू दुर्बीण लपवून ठेव.

पाळकाचा_पोरगा
हाहाहा. जिराफ!
मी नावाप्रमाणेच पाळकाचा मुलगा आहे. आमच्याकडे छंद नावाची गोष्टच नव्हती, सगळी 'दानं' होती. ढोलकी वाजवतो? दान आहे. सायकल चालवतो? छान, पत्रकं वाटायला जा. मी शेवटी कॅरम धरला. कॅरमची सेवा अजून तरी कुणाला सुचलेली नाही. सुचवू नका.

माई_कोपरखैरणे
जय ख्रिस्त, बाळ.
तुझं लिहिणं वाचून हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. बायबलातला तालंतांचा (म्हणजे सोपवलेल्या धनाचा) दाखला आठव. धन्याने दिलेलं एकाने जमिनीत पुरून ठेवलं, त्याचं काय झालं? देवाने दिलेलं आहे ते लपवायचं कशाला? आमच्या वेळी मंडळीत पेटी वाजवणारं कुणी नव्हतं तेव्हा मी पन्नाशीला आले असताना शिकले. आनंद देण्यातच असतो. आणि सध्या लेंत, ईस्टरआधीचा उपवासकाळ, चालू आहे. या चाळीस दिवसांत थोडी मौज कमी केली तर बिघडत नाही. रागावू नकोस, आजीच्या वयाची आहे म्हणून लिहिलं.

पाळकाचा_पोरगा
माई, सलाम. पण पक्षी बघणं हे तालंत कुठून झालं? ती फक्त बघते आहे. पुरून काय ठेवणार, दुर्बीण?

निरीश्वर_नेरूळ
धागा रोचक आहे. पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाहीये. मजा करताना अपराधी वाटणं हे धर्माने पेरलेलं आहे. देव काढून टाका, प्रश्नच उरत नाही. मी दर रविवारी पाम बीच रोडच्या बाजूने सायकल मारतो, मला कुणाची परवानगी लागत नाही. दिवे घ्या (गमतीत घ्या).

खाडीकाठची
काका, बोरूचं वाचून खरंच हळहळले. परत आणा की. सोसायटीला कळवू नका.

माई, रागावले नाही. पेटीचं वाचून तुम्हाला भेटावंसं वाटतंय. खाली सविस्तर लिहीन.

निरीश्वर, इतकं सोपं असतं तर. मला खाडीवर नेणारी मैत्रीण कुठल्याच देवाला मानत नाही. तिने मातीची भांडी करायला सुरुवात केली, तर महिन्याभरात चार जणांनी विचारलं, 'विकत का नाहीस? इन्स्टावर पेज काढ.' आता तिच्या घरी बबल रॅपचा गठ्ठा आहे आणि कुरियरवाल्याशी भांडणं. आमच्याकडे सेवा म्हणतात, तिच्याकडे साइड इन्कम. तुम्ही सायकलचे किलोमीटर कुठल्या अॅपवर टाकता की नाही, खरं सांगा?

निरीश्वर_नेरूळ
टाकतो. :(

दुर्बीणवाला_ऐरोली
पक्ष्यांवर कुणी बोलणार की नाही? मी बोलतो.

ठाणे खाडीत दोन्ही जातींचे रोहित येतात, मोठा आणि छोटा. संख्येने छोटा फार जास्त. ओळखायला चोच बघा : छोट्याची गडद, लांबून काळपटच दिसते; मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. करडे, मळकट दिसतात ती पिल्लं, आजारी नव्हेत. (दर वर्षी कुणीतरी फोटो टाकून विचारतं.) साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, मे-जूनपर्यंत राहतात, मग गुजरातकडे. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट सुटते, तिची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, म्हणून आधी विचारून जायचं.

ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी लांबवर पसरून खात बसतात. पाणी चढायला लागलं की तेच थवे काठाकडे सरकत येतात. पूर्ण भरती झाली की उडून नेरूळच्या तळ्यासारख्या उथळ पाणथळीत विसाव्याला जातात. म्हणून या पाणथळी बुजल्या किंवा त्यांचं भरतीचं पाणी अडलं की गोंधळ होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळला ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर वेगळा धागा होईल. काठावरून बघायचं तर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे.

खाडीकाठची
चोचीचं कळलं. म्हणजे माझ्या वहीतले अर्धे 'मोठे' आता खोडायला हवेत. पण भरती कधी हे दर वेळी मोबाइलवर बघावं लागतं. आधीच अंदाज येण्याची काही युक्ती?

दिवाळे_बंदर
ही घ्या युक्ती, मोबाइल नको, कालनिर्णय लागेल.
आम्ही कोळी. घरातली म्हातारी माणसं तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी : आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. द्वादशी : नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतं, खरी भरती बाराच्या सुमारास. प्रतिपदेला पाऊण. रोज पाऊण तासाने पुढे सरकतं, बस. खाडीत आत ऐरोलीकडे पाणी पोचायला आणखी थोडा उशीर. मिनिटाचा हिशोब नाही हा, जाळं टाकायला पुरतो.

खाडीकाठची
अहो हे भारीच आहे! आमच्या घरीही कालनिर्णय असतो. आई दूधवाल्याचा हिशोब लिहायला वापरते, तिथ्या कुणी बघत नाही. आज पहिल्यांदा बघितल्या.

म्हणजे साडेनऊच्या भक्तीला आडवी येणारी भरती द्वादशी-त्रयोदशीची. रविवार आणि द्वादशी एकत्र आले की माझी पंचाईत.

(थोड्या वेळाने) आत्ता एक गंमत लक्षात आली, कुणी गणितातलं असेल तर तपासा. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणजे तिथी वद्य प्रतिपदा ते सप्तमी यांतली कुठलीतरी. पाऊणपट केली तर भरती पाऊण ते सव्वापाच या वेळात. तेव्हा ईस्टरच्या सकाळी साडेनऊला पूर्ण भरती कधीच येणार नाही?

गणिती_मानपाडा
बरोबर. नियम असा : २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. चर्चची पौर्णिमा कोष्टकातून काढतात, पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तरी साडेनऊ काही गाठत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर ईस्टर येतो हनुमान जयंतीनंतर किंवा होळीनंतर. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिल, ईस्टर ९ एप्रिल. २०२४ मध्ये होळी पौर्णिमेनंतर, ३१ मार्चला. २०२५ मध्ये परत हनुमान जयंतीनंतर, २० एप्रिल. यंदा, २०२६ मध्ये, ५ एप्रिल, हनुमान जयंती २ ला. ईस्टर मुळात यहुद्यांच्या वल्हांडण सणाला जोडलेला, आणि तो सण चांद्र महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराचा, त्यामुळे चंद्र सुटत नाही.

पण धागाकर्तीसाठी वाईट बातमी. ईस्टरच्या आधीचा रविवार घ्या.

खाडीकाठची
झावळ्यांचा रविवार! सात तिथ्या मागे. म्हणजे शुद्ध नवमी ते पौर्णिमा. पाऊणपट... पावणेसात ते सव्वाअकरा. अरे देवा. दर वर्षी सकाळीच! आणि मार्च-एप्रिल म्हणजे खाडी भरलेली असते नेमकी.

गणिती_मानपाडा
दर वर्षी. यंदा २९ मार्च, एकादशी, सव्वाआठ. नऊपर्यंत धरा ऐरोलीला.

माई_कोपरखैरणे
पाहिलंस ना. त्याच्या योजनेत सगळं असतं.

पाळकाचा_पोरगा
माई, योजना कुणाच्या बाजूने आहे ते मात्र सांगितलेलं नाही.

वसईची_लेक_ठाण्यात
आम्ही कॅथलिक. उपाय साधा : शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. ये आमच्याकडे. ;)

गंमत सोड. आमच्यात मजेचं इतकं वावडं नाही असं मला वाटतं, किंवा आमची मजा सणांत मुरलेली असल्याने वेगळी परवानगी लागत नाही. लग्नात बँड, घरात गोडधोड, सणाला यात्रा. पण फादरांनी कुणाचं अक्षर पाहिलं की तेही सोडत नाहीत, त्याला पंथभेद नाही.

पक्ष्यांवरून आठवलं. पाखरांना प्रवचन देणारा म्हणून जो संत प्रसिद्ध आहे तो असिसीचा फ्रान्सिस, त्याच्याच पंथाचे चार संन्यासी १३२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या ठाण्यात मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा डिमेट्रियस. निघाले होते चीनकडे, जहाजाने इथे उतरले आणि इथल्या नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबांकडे राहिले. म्हणजे तेव्हाही ठाण्यात ख्रिस्ती घरं होती, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. 'तुम्ही कुठून आलात' असं कुणी विचारलं की मी हे सांगते. खाडीवर त्यांनी रोहित बघितले असतील का, असा विचार आता डोक्यात आला आणि जात नाहीये.

तलावपाळी_काका
माझं सारं आयुष्य तलावपाळीच्या चर्चसमोरून भेळ खात जाण्यात गेलं आणि १३२१ मला आज कळलं. धन्यवाद ताई.

संयोजक
धर्मांतर, परकीय पैसा इत्यादींवरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा छंदांचा आणि पक्ष्यांचा आहे. ज्यांना भरती-ओहोटीत रस नाही त्यांनी दुसरीकडे जावे.

मराठीच्या_बाई
उशिरा आले. संयोजकांनी उडवलेलं वाचायला मिळालं नाही ते बरंच झालं.

वर 'मराठी आणि ख्रिस्ती' याचं अप्रूप दिसलं म्हणून लिहिते. शाळेत आपण सगळ्यांनी ती कविता शिकली, जखमी पक्षीण पडत-उठत घरट्यापर्यंत पोचते, पिल्लांसाठी. वर्गात शिकवताना अजून माझा आवाज बसतो. ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची. 'रेव्हरंड' म्हणजे काय असं एकाही वर्षी एकाही मुलाने विचारलेलं नाही, मीच सांगते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि सोबत फुलं, पाखरं, मुलं यांच्यावरही भरभरून लिहिलं. फुलामुलांचे कवी म्हणतात त्यांना. त्या पक्षिणीच्या कवितेत कुठे येशूचं नाव नाही, शेवटी कसला ख्रिस्ती बोधही नाही. पाखरू आहे आणि माणसाचा क्रूरपणा आहे. धागाकर्तीला हवा असलेला दाखला तिच्याच घरात आहे असं मला वाटतं.

पाळकाचा_पोरगा
बाईंना +१००. आमच्या घरी टिळकांची गाणी रोज व्हायची आणि हे मला कधी दिसलं नाही.

निवृत्त_मेंढपाळ
मी चाळीस वर्षं पाळक होतो, त्यामुळे वरचं बरंच माझ्यावर आहे असं धरून वाचलं.

आधी आमची बाजू. शहरातली मराठी मंडळी लहान असते. नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली पन्नास-साठ घरं, शाळेचा हॉल भाड्याने, पगारी माणूस फक्त पाळक, तोही बेताच्या पगारावर. पेटी, माईक, मुलांचा वर्ग, नाताळची सजावट, आजाऱ्याला डबा हे सगळं लोकांनीच करायचं असतं. त्यात एखादी मुलगी चांगलं चित्र काढताना दिसली की पाळकाच्या डोळ्यात कशी चमक येते हे तुम्हाला कळायचं नाही. ती हाव असते, पण तिच्यामागे सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खुर्च्या मांडणारा एक थकलेला माणूस असतो.

आता तिचा प्रश्न. सगळं देवाच्या गौरवासाठी करावं हे आम्ही शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण 'गौरवासाठी' याचा अर्थ 'कार्यक्रमासाठी' असा कधी झाला ते आम्हालाही कळलं नाही. स्तोत्र १०४ वाचा. तिथे करकोचाच्या घरट्याचा उल्लेख आहे, सिंहाच्या छाव्यांचा आहे, आणि समुद्राबद्दल बोलताना म्हटलंय की त्यात लिव्याथान नावाचा प्रचंड जलचर आहे, त्याला देवाने तिथे खेळायला निर्माण केलं. बस, खेळायला. त्याच्याकडून काही करून घ्यायचं आहे असं नाही. ईयोब ३९ मध्ये तर देव स्वतः शहामृगाचं वर्णन करतो : अंडी जमिनीवर टाकून जातं, अक्कल दिलेली नाही, पण धावायला लागलं की घोड्याला आणि स्वाराला हसतं. ईयोबाचं घरदार गेलेलं आहे, अंगभर फोड आहेत, आणि त्याला उत्तर म्हणून देव त्याला पक्षी आणि जनावरं दाखवत बसतो. त्या पक्ष्यांचा ईयोबाला काडीचा उपयोग नव्हता. मी चाळीस वर्षांत या अध्यायावर एकदाही बोललो नाही, कारण त्यातून मंडळीला 'काय करा' म्हणून सांगायचं ते मला सापडायचं नाही.

हा संदेश झाला. सवय आहे, माफ कर.

खाडीकाठची
काका, हा संदेश चालेल. पाच मिनिटांत बसला शिवाय.

रिकाम्या खुर्च्यांचं वाचून मात्र गप्प झाले. आमच्या पाळकसाहेबांना मी हॉलचं कुलूप उघडताना पाहिलंय, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात प्रभुभोजनाचं साहित्य. म्हणून तर 'नाही' म्हणवत नाही. आणि वर जे लिहिलं त्यात गाण्याबद्दलची तक्रार थोडी वाढवून लिहिली असेल, कारण आल्तो आणि सोप्रानो पहिल्यांदा एकत्र बसतात तेव्हा अंगावर काटा येतो तो काही सेवेचा नसतो.

माईंना उत्तर. तालंतांच्या दाखल्यात धन्याने दिलेलं परत मागितलं. पण मला वाटतं, धन्याने प्रत्येकाला थोडं खर्चायलाही दिलेलं असतं, ज्याचा हिशोब तो विचारत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, माझं मी म्हणतेय. खाडीवर मी प्रार्थना करत नाही. करायला गेले तर दोन वाक्यांनंतर कुठला शेकाट्या आणि कुठला तुतवार (दोन्ही काठावरचे पक्षी) इकडेच लक्ष जातं. पण घरी येते तेव्हा आईवर कमी खेकसते, हे आईनेच सांगितलं, कारण माहीत नसताना. लेंतात मी चहा सोडलाय माई. पक्षी नाही सोडवत.

टिळकांबद्दल बाईंना काय म्हणू. ती कविता मला पाठ आहे आणि तो विचार कधी केला नव्हता.

मंडळीत सांगायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. सांगितलंच तर सोबत हेही सांगेन की यावर बोलणार नाही, सहल काढणार नाही, तक्ते करणार नाही. बघू किती जमतं. झावळ्यांच्या रविवारी मी गायनवृंदातच असणार, भरती असो नाहीतर नसो, कारण त्या दिवशीचं गाणं मला स्वतःलाच गायचं आहे.

माई_कोपरखैरणे
चहा सोडलास हे कठीण काम केलंस गं. मला नाही जमत.
हिशोब न विचारलेल्या पैशाचं पटलं नाही पण विचार करीन. मला एक सांग, माझे गुडघे दुखतात, तिथे बसायला काही असतं का?

दुर्बीणवाला_ऐरोली
असतं माई. बोटीत चढता येईल का ते तिथेच बघू, नाहीतर काठावरून. टोपी आणि पाणी आणा.

मग ठरवून टाकू या? २८ मार्च, शनिवार, दशमी, म्हणजे साडेसातला भरती, ऐरोलीला आठ धरू. सहाला भेटायचं. रविवार कुणाचाच मोडत नाही.

पाळकाचा_पोरगा
येतो. कॅरम आणत नाही.

वसईची_लेक_ठाण्यात
मी आणि नवरा. मुलगी चार वर्षांची आहे, ती शांत राहणार नाही, आधीच सांगते.

दिवाळे_बंदर
चार वर्षांच्या पोरीपेक्षा ते पक्षी जास्त ओरडतात, आणा.

निरीश्वर_नेरूळ
सायकलने येईन. अॅप बंद ठेवून.

तलावपाळी_काका
ठाण्याहून पाच-सव्वापाचची लोकल आहे का बघतो. कुणी दुर्बीण जास्तीची आणेल का? माझ्याकडे नाटकाला नेतो ती आहे, गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतून चालते, खाडीवर चालेल की नाही शंका आहे.

दुर्बीणवाला_ऐरोली
काका, माझ्याकडे दोन आहेत, एक तुमची. नाटकाची पण आणा, चार वर्षांच्या पाहुणीला होईल.

खाडीकाठची
मी पोहे आणते. किती जण ते शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा. आणि एक अट आहे : फोटो काढा, पण मी त्यात असले तर कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. आमच्या महिला संघाच्या दोघी या संस्थळावर वाचायला येतात असा मला दाट संशय आहे.

माई_कोपरखैरणे
दोघी नाही, तिघी. पोह्यात शेंगदाणे घाल.